कोरडी कुंडी

आमच्या घरात पाणी फेकत नाहीत. पेल्यात घोटभर उरलं तर ते मोरीत नाही, कुंडीत जातं. नियम आमच्या ह्यांचा. लहानपणी ह्यांच्या घरी एका बादलीत सगळ्या भावंडांच्या आंघोळी उरकायच्या, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत माणूस जरा हळवा आहे. लग्न होऊन आले त्याच दिवशी मी अर्धा पेला मोरीत ओतला, तर हे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी अंगावरचे दागिने खिडकीतून फेकलेत. तेव्हापासून हाताला वळणच पडलं. पाणी प्यायचं आणि उरलेलं घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीकडे जायचं. आमची लेक तर चालायला लागली ती पेला घेऊनच. निम्मं पाणी फरशीवर, निम्मं कुंडीत.

हे कोल्ड स्टोरेजमध्ये मेकॅनिक. सफरचंदं, बटाटे, लोणी, जे काही ठेवायला येईल ते. सगळा जन्म तापमान सांभाळण्यात गेला. ह्यांच्या खिशात पेन नसेल, पण थर्मामीटर असतो, बोटभर लांबीचा, टोकदार, फळात खुपसायचा. चहासुद्धा त्यानं मोजून पितात. लेक लहान असताना तापली की तोच धुऊन तिच्या काखेत. डॉक्टर एकदा म्हणाले, "अहो, हा सफरचंदांचा आहे." हे म्हणाले, "तापाला काय कळतंय कोणाचा ते?"

लेकीला आम्ही टिल्लू म्हणतो. जन्मली तेव्हा एवढीशी होती. आता बापापेक्षा चार बोटं उंच आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ती शिकली झाडांचं. ह्यांनी तिच्यासाठी कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात शब्द टाकून ठेवला होता. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा, दुपारी घरी जेवायला येता येईल इतकं जवळ. तिनं मात्र दुसरंच ठरवलं होतं. खूप लांबच्या एका देशात, एका मोठ्या बागेच्या काचघरात नोकरी. जगभरातून आणलेले कंद सांभाळायचे. जेवताना तिनं हे सांगितलं आणि ह्यांचा घास हातातच राहिला.

"झाडांना पाणी घालायला एवढी शिकलीस?"

"घालायला नाही, बाबा. कधी घालायचं नाही, ते शिकले."

"उलट बोलतेस?"

"तुम्ही विचारलंत, मी सांगितलं."

"मग जा. पण पुन्हा मला काही विचारायला येऊ नकोस."

ती ताटावरून उठली, हात धुतला, आणि दारात उभी राहून म्हणाली, "नाही येणार. पण तुम्हाला मला काही विचारावंसं वाटलं, तर फोन करा. आईनं नाही, तुम्ही. त्या दिवशी निघेन."

झालं. खाण तशी माती. दोघांची हनुवटी सारखी, दोघांचा हट्ट सारखा, आणि मधल्यामधे मी.

मी घरी शिवणकाम करते. नवे कपडे कमी, दुरुस्ती जास्त. पँटची चेन बदलायची, बाह्या आखूड करायच्या, लग्नातला कोट उसवून मोठा करायचा. गल्लीतल्या निम्म्या लोकांची मापं मला तोंडपाठ आहेत. आमच्या खाली चष्म्यांचं दुकान आहे. त्या दुकानदाराचं पोट वर्षाला किती पुढे येतं हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. पण माझ्या स्वतःच्या लेकीचं माप मला माहीत नव्हतं. होतं ते ती गेली तेव्हाचं. दर वर्षी तिच्या वाढदिवसासाठी मी ड्रेसचं कापड आणायची, पाटावर पसरायची, खडूनं खुणा करायची, आणि कात्री लावायची वेळ आली की हात थांबायचा. कंबर किती घेऊ? फोनवर विचारलं तर म्हणायची, "तेवढीच असेल गं." असेल म्हणजे काय? आईनं अंदाजानं शिवायचं का? मग ते कापड घडी होऊन कपाटात जायचं. अशा घड्यांवर घड्या साचल्या. मला ती हवी होती. फोनवरची नको, मापासकट हवी होती.

ती गेल्यावर वर्षभरानं तिच्याकडून एक पार्सल आलं. आत कोरडी वाळू, आणि वाळूत मुठीएवढा एक कंद. कांदाही नाही, बटाटाही नाही, मधलंच काहीतरी, एका बाजूला चपटा. मी लगेच फोन लावला.

"बाबांसाठी आहे," टिल्लू म्हणाली. "भूमध्य समुद्राच्या काठच्या डोंगरांवर उगवतं. आपल्या अळूच्या, सुरणाच्या गोतातलं. याला फूल येतं आई, कोपरभर लांब, गर्द जांभळं. बघण्यासारखं."

"मग करायचं काय याचं? कुठे लावायचं?"

"ते बाबांना विचारू दे."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरीनं कंद नव्हता पाठवला, बापाला तिच्याशी बोलायला निमित्त पाठवलं होतं. मी धावत ह्यांच्याकडे गेले. ह्यांनी तो कंद हातात घेतला, उलटापालटा केला, हुंगला, नखानं टोकरला. आणि म्हणाले, "बटाट्याच्या जातीचं दिसतंय. बटाटे काय मी आज बघतोय? विचारायचं काय त्यात?"

तिथून पुढे चार वर्षं ह्यांनी त्या कंदाचे जे लाड केले, तेवढे माझ्या बाळंतपणात माझे झाले नाहीत. खिडकीतली सगळ्यात मोठी कुंडी त्याला दिली. हिवाळा आला की कुंडी चुलीशेजारी. वर गोणपाट, त्याच्या आत छोटा दिवा, उबेला. दर दोन तासांनी मातीत थर्मामीटर. उन्हाळा आला की सावलीत, ऊन लागू नये म्हणून माझा जुना दुपट्टा आडवा बांधलेला. आणि पाणी तर काय, घरातल्या प्रत्येक पेल्यातलं उरलेलं पाणी त्याच्याच नावाचं. पाहुणे आले तर त्यांचंही.

पानं यायची, नाही असं नाही. हाताचा पंजा फाकवून धरावा तशी मोठी, आणि देठावर सापाच्या कातीसारखे ठिपके. पण फूल नाही. उन्हाळा लागला की पानं पिवळी पडून लोळायची, की ह्यांचा जीव खालीवर. "तहानलंय," म्हणायचे आणि आणखी पाणी. एका वर्षी कंद अर्धा सडला. ह्यांनी सुरीनं सडका भाग कापला, राख लावली, आणि त्या दिवशी धड जेवले नाहीत.

हे सगळ्यांना विचारत सुटले होते. रोपवाटिकेवाला म्हणाला खत घाला. कोल्ड स्टोरेजचा इंजिनियर म्हणाला माती बदला. खालचे चष्मेवाले म्हणाले मातीला भिंग लावून बघू, म्हणजे कीड असेल तर दिसेल. अख्ख्या गावाला विचारून झालं, जिला विचारायचं ती सोडून.

दर रविवारी टिल्लूचा फोन यायचा. मी फोनवर बसले की ह्यांना नेमका शेजारचा नळ दुरुस्त करायचा असायचा. त्या नळाइतकी सेवा जगात कुठल्या नळाची झाली नसेल. पान्हा फिरवता फिरवता पुटपुटायचे, "पानं मोठी आलीत म्हणावं."

"पानं मोठी आलीत म्हणतात," मी सांगायची.

"बाबा आहेत का तिथे?"

"इथेच आहेत."

"काही विचारायचंय का त्यांना?"

मी ह्यांच्याकडे बघायची. हे मान हलवून नाही म्हणायचे आणि नळात डोकं घालायचे. "नाही म्हणतात," मी म्हणायची. मग तिकडे ती, इकडे हे, आणि मी अडकित्त्यातल्या सुपारीसारखी मधे.

एकदा मला राहवलं नाही. हे कामावर गेले असताना मीच फोन केला. "टिल्लू, ते विचारत नाहीत नि तू सांगत नाहीस. मोडेन पण वाकणार नाही, असे तुम्ही दोघं. मला सांग काय करायचं ते. मी करते गुपचूप. त्यांना कळणारही नाही."

ती म्हणाली, "आई, तुला सांगितलं तर फूल येईल गं. पण मग मी कशी येऊ?"

तिचा आवाज असा झाला की मी तो विषयच सोडला. तिलाही यायचं होतं. एवढे दिवस मला वाटत होतं की वाट मी एकटीच बघतेय.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी हे कामावर घसरले. गारठ्याच्या खोलीत फरशीवर बर्फ धरलेला, ह्यांचा पाय त्यावर. नडगीचं हाड मोडलं. जन्मभर थंडीवर हुकमत गाजवली आणि थंडीनंच पाडलं, पण हे बोलायची ती वेळ नव्हती. मांडीपर्यंत प्लास्टर घालून घरी आणलं. मी टिल्लूला कळवलं. ती एका दमात म्हणाली, "मी येऊ का?"

मी फोन हातानं झाकला आणि आत ओरडले, "टिल्लू विचारतेय, येऊ का?"

पलंगावरून उत्तर आलं, "माझा पाय काय बघायचाय? सांग तिला, काही गरज नाही. रजा वाया घालवू नकोस म्हणावं."

हाताआडूनही तिनं ते ऐकलं. "बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला. पोर एवढी वाकली होती, आणि ह्यांनी तिला पुन्हा ताठ केलं. मला असा संताप आला की बोलायची सोय नाही. संध्याकाळी प्लास्टरच्या आत खाज सुटली म्हणून हे माझी शिवणाची लाकडी पट्टी मागायला लागले. मी दिली नाही. म्हटलं, "काही गरज नाही."

ह्यांचा पलंग हवेसाठी स्वयंपाकघराच्या खिडकीशी आणला, त्यामुळे कुंडीला जागा उरली नाही. चष्मेवाल्या भाऊंनी ती उचलून गच्चीवर नेली आणि पाण्याच्या टाकीशेजारच्या पत्र्याखाली ठेवली. गच्चीचा जिना अरुंद आणि चढा. ह्यांना तो चढायची डॉक्टरांनी पुढचे कित्येक महिने मनाई केलेली. आणि मी? मी एकीकडे मशीन, एकीकडे आजारी माणूस. कुंडी आठवलीच नाही. खरं सांगते, पार विसरले.

हे पलंगावरून रोज विचारायचे, "घातलंस पाणी?" मी सवयीनं "हो" म्हणायची. मी आपली उरलेलं पाणी खिडकीतल्या दुसऱ्या रोपांना घालत होते. उन्हाळा संपता संपता गोधड्या उन्हात टाकायला वर गेले तेव्हा कुंडी दिसली. पत्रा इतका तापलेला की हात लावू देईना. पानांचा मागमूस नाही. माती विटेसारखी, कडेला भेग पडलेली. सुईनं टोचून बघितलं, सुई वाकली. मेलं, म्हटलं. पोरीनं पाठवलेलं एकुलतं एक निमित्त मी भाजून मारलं. तिथेच टाकीला टेकून मी रडून घेतलं. खाली येऊन ताकास तूर लागू दिली नाही.

मग हवा गार झाली. टाकीतला तरंगता गोळा, टाकी भरली की पाणी बंद करणारा, तो बिघडला. एरवी हे तासाभरात दुरुस्त करतात, पण आता करणार कोण? टाकी ठिबकायला लागली आणि ठिबकलेलं पाणी ओघळून पत्र्याखाली जायला लागलं. एक दिवस वर गेले तर कुंडीतून बोटभर कोंब आलेला, ठिपक्यांचा, टोकदार. मी धावत खाली येऊन सांगितलं. ह्यांना वाटलं ते नेहमीचंच आलंय, ह्यांना मधलं काय माहीत?

"खाली आण त्याला," हे म्हणाले. "गारठेल."

"मला उचलत नाही. तुम्ही आणा."

ह्यांनी स्वतःच्या पायाकडे बघितलं. मग हिवाळाभर मला थर्मामीटर देऊन वर पाठवायचे. मी आकडा सांगितला की डोक्याला हात लावायचे. "सहा? सहा अंश? अगं बटाटे ठेवतात तेवढ्यावर. मरेल ते! निदान गोणपाट तरी घाल." गोणपाट मी नेलं, पण त्याचं पायपुसणं केलं. हे कंदाचं कौतुक मला पुरे झालं होतं. जगायचं तर जगेल.

आणि मग, थंडी ओसरून हवा जरा कोमट झाली, तेव्हा वास सुटला.

पहिल्यांदा ओरड केली चष्मेवाल्यांनी. "वहिनी, उंदीर मेलाय कुठेतरी. गिऱ्हाईक चष्मा लावायच्या आधी नाकाला रुमाल लावतंय." त्यांनी दुकानातली कपाटं ओढली. आम्ही पलंगाखाली बघितलं, मशीनखाली बघितलं, चिंध्यांचं पोतं उपसलं. उंदीर नाही. वास मात्र जिन्यावरून येत होता, वरून. ह्यांचं तोंड पांढरं पडलं. "टाकी," म्हणाले. "टाकीत पडलं असेल काहीतरी, आणि आपण तेच पाणी पितोय." आणि काठी घेऊन, मी नको नको म्हणत असताना, महिनोन्‌महिन्यांत पहिल्यांदा गच्चीचा जिना चढायला लागले. एक पायरी, एक श्वास. मी मागे, पडलेच तर धरायला.

वर पोचलो. टाकीचं झाकण नीट होतं. पत्र्याखाली माश्यांचा घोंगाट चालला होता. आणि कुंडीत ते होतं.

टिल्लूनं सांगितलं होतं त्याहून मोठं. गर्द जांभळी एकच पाकळी, वाळलेल्या रक्तासारखी गडद, कडेला झालर लावल्यासारखी. मी शिवणारी बाई आहे, अशी झालर मला सात जन्मांत जमणार नाही. मधून काळा, चकचकीत दांडा, माझ्या पट्टीएवढा. आणि वास! मेलेल्या उंदराची त्यापुढे काय बिशाद. ज्याची चार वर्षं वाट बघितली ते हे.

हे काठी टाकून खाली बसले. एका हातानं रुमाल नाकाशी धरला, दुसऱ्या हातानं खिशातून थर्मामीटर काढला. आधी हवेत धरला. मग फुलाच्या खोलगटात हळूच सोडला. बघितलं. पुसला, पुन्हा सोडला.

"अगं," हे म्हणाले, "ताप आहे याला. हवेपेक्षा चार-पाच अंश जास्त. आतून तापलंय."

टिल्लूच्या काखेतून थर्मामीटर काढताना यायचा तोच आवाज. मला भरून आलं. पण पुढच्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं. फूल आलं होतं. ह्यांनी न विचारता आलं होतं. आता ह्यांना तिला विचारण्यासारखं उरलं काय? हे फोन करतील, मिशीत हसतील, सांगतील की बघ, आणलं मी फूल. ती म्हणेल, बरं झालं. आणि संपलं. त्या फुलासाठी घरात काय काय झालं, आणि आता मला ते मुळासकट उपटून फेकावंसं वाटत होतं.

"फोन दे," हे म्हणाले.

"कशाला?"

"दे म्हटलं ना."

मी दिला. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नंबर लावला, आणि फोन कानाशी धरला. ती गेली त्यानंतर पहिल्यांदाच. बसले होते फुलापासून हातभर अंतरावर. नाक रुमालात.

"टिल्लू? मी. बाबा." मग घसा खाकरला. "ते हे... तुझं ते झाड. फुलत नाही गं ते. काही केल्या फुलत नाही. मी काय करू?"

मी तोंडाला पदर लावला. वासासाठी नाही.

पलीकडचं मला काही ऐकू येईना. हे फोन आणखी घट्ट कानाला लावून बसले. कॉम्प्रेसरच्या आवाजात जन्म गेल्यामुळे ह्यांना कमी ऐकू येतं, म्हणून समोरचं बोलणं मोठ्यानं म्हणून बघायची खोड आहे. त्या दिवशी ती खोड मला देवासारखी पावली.

"रडतेस का? नाही? बरं. सर्दी. बरं... काय? उन्हाळ्यात पाणी नाही? थेंबभरही नाही? मग मरणार नाही का ते?... झोपतं? अस्सं. तिकडे डोंगरावर उन्हाळाभर कोरडंच असतं, म्हणून. अस्सं होय." मान डोलावली. "आणि ऊन? तापू द्यायचं? पंचवीस-तीस? त्याहून जास्त झालं तरी चालतं? भाजू द्यायचं म्हणतेस... त्याच्याशिवाय आत फूल धरत नाही. आणि मी वेडा त्याला सावलीत ठेवत होतो... हो, हो, ऐकतोय. गार हवा आली की मग पाणी. तेव्हाच जागं होतं. आणि हिवाळ्यात? पाच ते दहा? चुलीजवळ नाही? गोठू नाही द्यायचं, पण कुडकुडू द्यायचं... अस्सं. उबेनं नुसती पानं माजतात. कंद मोठा व्हायला वर्षं लागतात, घाई करायची नाही... बरं. बरं."

सगळं समोर झालेलं होतं. पत्रा, भेग पडलेली माती, ठिबकणारी टाकी, सहा अंश. ती एकेक गोष्ट सांगत होती आणि हे त्या फुलाकडे बघत, जणू जन्मात पहिल्यांदा ऐकतोय, अशा चेहऱ्यानं हुंकार भरत होते. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, ते मी डोळ्यांनी बघितलं. आणि हे नुसतं दाखवण्यापुरतं नव्हतं. मधेच ह्यांनी खरंच प्रश्न विचारला, "पण टिल्लू, काचघरात एवढ्या देशांचे कंद, प्रत्येकाचा उन्हाळा वेगळा, हिवाळा वेगळा. कसं सांभाळतेस गं?" मग बराच वेळ ती बोलत राहिली. त्यातलं ह्यांनी मोठ्यानं काहीच म्हटलं नाही. ते मला आजतागायत कळलेलं नाही. तसंही ते माझ्यासाठी नव्हतंच.

शेवटी हे म्हणाले, "फोनवर सगळं कळत नाही मला. तू येऊन बघून जातेस का?"

फोन ठेवून हे म्हणाले, "माश्या फार आहेत इथे," आणि डोळे पुसले.

फूल चारेक दिवसांत लोळागोळा झालं. मग ह्यांनी पानांमधला तो देठ मुळाशी कापला, वर माती सारखी केली, आणि चोरी लपवावी तसे हात झटकले. चष्मेवाल्यांना ताकीद दिली की लेक आली तर फुलाचं नाव काढायचं नाही. आता त्या माणसाला ताकीद देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. टिल्लू आली त्या दिवशी तिची बॅग घेऊन जिना चढता चढता भाऊ म्हणाले, "बरं झालं आत्ता आलीस. वास गेला आधी. काय ते फूल म्हणायचं का काय..." मागून मी त्यांना कोपरानं ढोसलं. "म्हणजे उंदीर," भाऊ म्हणाले. "उंदीर मेला होता. मोठा."

"हो का, काका?" टिल्लू म्हणाली, आणि पुढे चढत राहिली.

दारात मी तिला धरलं. माझे हात आपोआप तिच्या कमरेभोवती गेले. दोन बोटं कमी झाली होती, खांद्यात मात्र रुंद झाली होती, कुंड्या उचलून. तेवढीच असेल म्हणे! मी जरा जास्तच वेळ माप घेतलं. बापलेकींनी एकमेकांना बघितलं. "पाय कसाय?" "बराय. तू वाळलीस." झालं बोलणं.

मग दोघं गच्चीवर गेली. मी पेल्यात पाणी घेऊन मागोमाग. उन्हाळा लागत होता, पानं कडेनं पिवळी व्हायला लागली होती. टिल्लू कुंडीपुढे उकिडवी बसली. पानं बाजूला केली, माती उकरली, आणि बोटानं तो कापलेला देठ चाचपला. बराच वेळ. जिनं जगभरचे कंद सांभाळले तिला पानाचा देठ कुठला आणि फुलाचा कुठला हे कळणार नाही?

"हे काय कापलंत, बाबा?"

"पान होतं. वाळलं होतं." हे दूर कुठल्यातरी घरांच्या छपरांकडे बघत होते.

तिनं माती परत जागेवर सारली. वर बघितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता. "कंद लहान आहे अजून. या वर्षी नाही फुललं तरी पुढच्या वर्षी फुलेल."

"पण ते फुललं हे मला कसं कळणार?" हे म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं?"

"मी येईन ना त्या वेळी. दर वर्षी त्याच सुमारास येऊन बघत जाईन."

मी पाणी पुढे केलं. प्रवासानं तहानलेली होती, घटाघटा प्यायली. पेल्यात थोडं उरलं. आणि एवढी शिकलेली, काचघरातली माझी लेक, पेला हातात घेऊन सरळ कुंडीकडे वळली. तिला कळलंही नाही. घरी आली होती ना.

ह्यांनी तिचं मनगट धरलं. "अंहं. उन्हाळा लागला. झोपू दे त्याला. तूच सांगितलंस ना?"

तिनं पेला माझ्याकडे दिला. उरलेलं पाणी मी पिऊन टाकलं.